फाटकी जवारी

"सिस्टर, हे हेडफोन फार घट्ट आहेत. कान दाबले जातायत," बुवा म्हणाले.

"राहू देत घट्ट. नाहीतर हातोडीचा आवाज ऐकू येईल. तो ऐकायचाय का?"

ऑपरेशनच्या टेबलावर ते उताणे पडले होते. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांना पट्ट्यांनी बांधलेले, छातीवर हिरवा पडदा आणि पाठीत इंजेक्शन दिल्यामुळे कमरेखालचं अंग बधिर. वय त्र्याहत्तर. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. डोळे टक्क उघडे होते आणि मॉनिटरवर ब्लडप्रेशर एकशे ऐंशीच्या वर गेलं होतं.

मी मोबाइलवरची फाइल सुरू केली आणि मागे सरकून, त्यांचा चेहरा नीट दिसेल अशी उभी राहिले. तो चेहरा वेडावाकडा होताना मला बघायचा होता. अकरा वर्षं मी त्याची वाट बघत होते.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. त्यांच्या औषधात मी कधी हात घातला नाही. सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या सगळं मिनिटाबरहुकूम दिलं. मी काय केलं ते फक्त त्यांच्या कानात केलं.

आमच्या मिरजेच्या त्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या शेंडे मॅडम होत्या. म्हाताऱ्या पेशंटांचा त्यांना भारी कळवळा. अशा ऑपरेशनमध्ये पेशंट जागा असतो. पाय बधिर असला तरी कान बधिर नसतात. ड्रिलची घरघर, हाडावर बसणारी हातोडी, डॉक्टरांचं "अजून थोडं ठोक" हे सगळं त्याला ऐकू येतं आणि तो भीतीनंच अर्धमेला होतो. म्हणून मॅडमनी हेडफोन आणले. ज्याला जो आवाज जवळचा वाटेल तो ऐकवायचा, ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर दुखत असतानाही. त्यानं दुखणं किती कमी होतं ते दहापैकी आकड्यात विचारून कागदावर लिहायचं. आवाज गोळा करायचं काम माझ्याकडे होतं.

सगळे हसायचे आम्हाला. पण गुण येत होता. एका आजींना शाळेतल्या मुलांनी म्हटलेले पाढे हवे होते, कारण जन्मभर त्यांनी तेच ऐकलेलं. एका रिटायर्ड एसटी ड्रायव्हरला गाडी स्टार्ट झाल्याचा आवाज हवा होता. मी डेपोत जाऊन तो भरून आणला. ऑपरेशनभर ते शांत पडून होते. नंतर म्हणाले, "पोरी, आवाज झकास. पण तुझ्या ड्रायव्हरला गियर टाकता येत नाही."

आणि एका मंगळवारी नरहरबुवा खांबेटे स्ट्रेचरवरून आले. मोठे गवई. त्यांचं नाव केसपेपरवर वाचलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मग त्या खड्ड्यात हळूहळू आनंद भरायला लागला.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे? त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या छातीवर 'जुलेखा' एवढीच पट्टी.

"कुठला आवाज आवडेल, बुवा?" मी विचारलं.

"तानपुरा. दुसरं काय असणार?" ते म्हणाले. "पण तो यंत्रातला नको. ते डबडं कानाशी आणाल तर उठून जाईन."

"मोडक्या पायानं?" त्यांची मुलगी वैजयंतीताई म्हणाली. पुण्याला बँकेत होती, वडील पडल्याचं कळताच धावत आली होती. बिचारी चांगली बाई.

शेंडे मॅडम मला म्हणाल्या, "जुलेखा, तुझ्या घरी तर तानपुरे बनवतात ना? एक छानपैकी भरून आण की."

"आणते," मी म्हटलं.

आमच्या घरी तानपुरे बनवतात हे खरं नव्हतं. पूर्वी बनवायचे.

माझे अब्बा दस्तगीर मिस्त्री. मिरजेत तानपुरे करणारे बरेच, पण जवारी लावावी तर दस्तगीरनं, असं लोक म्हणायचे. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर एक चपटी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. तारा तिच्यावरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं केसाएवढा घासत जायचा, घासायचं आणि ऐकायचं, घासायचं आणि ऐकायचं, म्हणजे तार घोडीला जेमतेम चाटून जाते आणि आवाज उघडतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नेमक्या जागी बसवायचा. ह्याला जवारी लावणं म्हणतात. डोळ्यांचा इथं काही उपयोग नाही, सगळं काम कानाचं. कानस एक वेळ जास्त चालली तर घोडी वाया. धागा जरा इकडचा तिकडे झाला तर तार पत्र्यासारखी खडखडते. तिला आम्ही फाटकी जवारी म्हणतो. लहानपणी अब्बा मला शेजारी बसवून तार छेडायला लावायचे आणि विचारायचे, "जुले, बोलतेय का?" मी मान डोलावली की त्यांची कानस खाली.

बुवांनी अब्बांकडून एक जोडी करून घेतली होती. अब्बांनी तिच्यावर आठ महिने घातले. सांगलीला संगीत संमेलन होतं. अब्बा नवीन जाकीट घालून पहिल्या रांगेत बसले, मी त्यांच्याशेजारी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. बुवा स्टेजवर आले. शिष्यांनी तानपुरे छेडले. बुवांनी कान लावला, पुन्हा लावला, धागा सरकवला, खुंट्या पिळल्या. पंधरा मिनिटं गेली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग बुवा माइकवर बोलले.

"हे वाद्य मुकं आहे. ज्यानं जवारी लावली त्याचा कान गेलाय. दस्तगीर मिस्त्री, आता भोपळे मंडईत नेऊन विका. भाजी तरी होईल."

हॉल हसला. हजार माणसं हसली. माझ्या मागची एक बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. अब्बा हसले नाहीत, रडलेही नाहीत. उठून स्टेजच्या मागे गेले, दोन्ही तानपुरे खांद्याला लावले आणि टेम्पो करून घरी आले.

त्यानंतर ऑर्डरी बंद झाल्या, हे तर झालंच. पण मला त्याचं दुःख नव्हतं. दुःख ह्याचं होतं की अब्बांनी बुवांचं खरं मानलं. एवढ्या मोठ्या माणसाचा कान चुकेल कसा? चुकला असेल तर आपलाच. मी सांगून सांगून थकले. "अब्बा, वाद्य चांगलं आहे, मला ऐकू येतं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तू घरची. तू बापाचीच बाजू घेणार." घरी आमची बोली वेगळी, मी ती इथं मराठीत सांगते. जोडीतला एक तानपुरा त्यांनी मोडून टाकला. दुसऱ्यावर कुऱ्हाड उचलली तेव्हा अम्मी आडवी पडली. तो गवसणी घालून खुंटीला टांगला गेला. त्यानंतर अकरा वर्षं अब्बांनी जवारीची कानस हातात धरली नाही. ते काय करायचे माहीत आहे? शोकेसमध्ये ठेवायचे वीतभर तानपुरे. रंगवलेले, चकचकीत, तारांच्या जागी पितळी दोरे. वाजायचं कामच नाही. गणपतीत आणि दिवाळीत बरे खपायचे. जो माणूस एका तारेसाठी दुपारचं जेवण विसरायचा, तो खेळण्यांना रंग देत बसलेला बघणं मला सहन होत नव्हतं.

म्हणून बुवांनी तानपुरा मागितला तेव्हा माझं ठरलं.

शुक्रवारी दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी गवसणी काढली. तारा मी अधूनमधून चोरून बदलत असे, सूर उतरलेला होता तेवढा मिळवून घेतला, धागे नेमक्या जागी बसवले. घोडीला कुणी हात लावलेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी अब्बांनी लावलेली जवारी तशीच होती. आधी मी तोच आवाज भरून घेतला. खोली भरून गेली. मला रडू आलं, आणि रडता रडता रागही.

मग धागा सरकवला. तार खडखडायला लागली. अजून थोडा सरकवला. आता पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखा आवाज यायला लागला, त्यात तानपुऱ्याचा सूर कुठंतरी खाली दबलेला. शेंडे मॅडमना ह्यात काही खटकणार नाही हे मला ठाऊक होतं, त्यांना तानपुरा आणि मिक्सर सारखाच. पण ज्याचं आयुष्य तानपुऱ्याच्या कुशीत गेलं त्याला हा आवाज एक मिनिट सोसवणार नाही. त्याचे हात बांधलेले असतील आणि हा त्याच्या कानात तासभर चालेल. म्हटलं, घ्या बुवा, आता कळू दे मुकं वाद्य काय असतं आणि बोलकं काय असतं. मी तो भरला, धागा जागेवर आणला आणि तानपुरा पुन्हा खुंटीला टांगला.

तर शनिवारी सकाळी थिएटरमध्ये मी त्यांच्या डोक्याशी उभी होते, आणि तो आवाज त्यांच्या कानात सुरू झाला होता.

बुवांच्या भुवया वर गेल्या. त्यांचे ओठ हलले. मी खाली वाकले. आता म्हणतील, काढा हे. मी काय उत्तर देणार तेही ठरवून ठेवलं होतं.

"वा," बुवा म्हणाले.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"वा! किती वर्षांनी. जवारी बघा कशी बोलतेय."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं, ते मलाच पुसावं लागलं. पडद्यापलीकडे हातोडी सुरू झाली, पण ह्यांचा चेहरा पाळण्यातल्या पोरासारखा निवांत. ब्लडप्रेशर एकशे ऐंशीवरून एकशे तीसवर आलं. शेंडे मॅडमनी मला अंगठा दाखवला. "जुलेखा, आजवरचा सगळ्यात भारी रिझल्ट," त्या म्हणाल्या.

माझा तळतळाट झाला. जन्मात एकदा सूड उगवायला गेले, तर ह्या माणसाला मी जगातलं सगळ्यात मोठं सुख देऊन बसले होते. घरी जाऊन जेवले नाही. अम्मी विचारत राहिली, काय झालं. काय सांगणार?

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. एवढा मोठा गवई. त्याला हा आवाज आवडलाच कसा?

रविवारी बुवांना पहिल्यांदा पलंगावर बसवायचं होतं. भूल उतरलेली, खुबा ठणकत होता. ते म्हणाले, "सिस्टर, आधी तो तानपुरा लावा. मग काय ते करा." मी हेडफोन लावले आणि मुद्दाम दुसरी फाइल सुरू केली. अब्बांची खरी जवारी.

बुवांचं तोंड आंबट झालं. "ही कुठली आणली? ही नको. ही मुकी आहे."

हातातली उशी तशीच धरून मी उभी राहिले.

"काय म्हणालात, बुवा?"

"मुकी. नुसतं टण टण. लावणाऱ्याला कान नाही. कालची लावा."

मी कालची लावली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मी आणि आयाबाईनं धरून त्यांना बसवलं, एवढ्या दुखण्यातही ते "हं, हं" करत मान डोलावत होते. किती दुखतंय विचारल्यावर म्हणाले, "तीन." मी कागदावर तीन लिहिलं. तोवर मला सगळं कळलं होतं.

वॉर्डात म्हाताऱ्यांबरोबर राहून मला एक माहीत झालं होतं. वय झालं की बारीक, वरचे आवाज आधी जातात. घड्याळाची टिकटिक, पाखरांचा चिवचिवाट, बांगड्यांची किणकिण. माणसाला वाटतं, आपल्याला सगळं ऐकू येतंय, कारण बोलणं ऐकू येत असतं. आणि जवारीत असतं तरी काय? तोच बारीक झणकार. तो ज्याच्या कानात शिरत नाही त्याला चांगला तानपुरा मुकाच वाटणार, आणि पत्र्यासारखा खडखडला तरच बोलतोय असं वाटणार.

कान गेला होता. पण तो अब्बांचा नव्हता.

वैजयंतीताई खिडकीशी मोसंबी सोलत होती. बुवांना डुलकी लागल्यावर मी हेडफोन काढून तिच्यासमोर धरले. "ताई, हे ऐका बरं जरा. बुवांना फार आवडतं." ती लहानपणी बापाकडे गाणं शिकलेली, पुढं सोडलं तरी कान कुठं जातो? तिनं हेडफोन लावले आणि लगेच ओढून काढले.

"सिस्टर, अहो हे वाद्य फाटलंय! हे अण्णांना ऐकवताय?"

"त्यांना हेच हवंय. दुसरं चांगलं लावलं तर मुकं म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग झोपलेल्या बापाकडे. मोसंब्याची फोड हातातच राहिली. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "म्हणून शिकवण्या बंद केल्या होय. आम्हाला सांगितलं, दम लागतो."

सोमवारी मी अब्बांना म्हटलं, "हॉस्पिटलात एका पेशंटला तानपुरा ऐकायचाय. खरा, समोर वाजवलेला. चला माझ्याबरोबर."

"मी आता वाजवत नाही."

"तार छेडायची फक्त. म्हातारा माणूस आहे, दुखतंय त्याला."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. दुखणाऱ्या माणसाला अब्बा कधी नाही म्हणायचे नाहीत, आणि मी त्याचाच फायदा घेतला. तानपुरा मी उचलला. खोलीच्या दारात पोचेपर्यंत पेशंट कोण हे मी सांगितलं नव्हतं.

अब्बांनी पलंगावर बुवांना बघितलं आणि मागे फिरले. मी दारात आडवी उभी राहिले.

"जुले, बाजूला हो."

"पाच मिनिटं, अब्बा. माझ्यासाठी."

बुवा उशांना टेकून बसले होते. त्यांनी अब्बांना ओळखलं. चेहऱ्यावरून दिसलंच ते. "मिस्त्री," ते म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या छातीवरच्या पट्टीकडे बघितलं. "ही तुमची मुलगी?"

"हां. माझी," अब्बा म्हणाले.

मी तानपुरा अब्बांच्या मांडीवर दिला. त्यांचे हात आपोआप जागेवर गेले. त्यांनी चार तारा छेडल्या, अगदी हळू, चोरट्यासारख्या. त्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तो आवाज भरला. वैजयंतीताईनं तोंडावर हात धरला.

"बुवा, कसा आहे?" मी विचारलं.

बुवांनी मान भिंतीकडे वळवली.

"सांगा की. काल सांगितलंत तसं."

"जवारी बंद आहे," बुवा भिंतीकडे बघत म्हणाले.

अब्बांची मान खाली गेली. अकरा वर्षांपूर्वी हॉलमध्ये गेली होती तशीच. "मला म्हाईत हाय बुवा," ते म्हणाले. "माझा कान गेला. पोरगी ऐकत न्हाई, म्हणून आनलं हितं."

मी पुढं झाले आणि चारही तारांखालचे धागे सरकवले. "आता वाजवा, अब्बा."

त्यांनी तार छेडली आणि दचकून हात कानावर नेला. "अगं, फाटली ती! काय केलंस?"

"वाजवा म्हटलं ना."

त्यांनी दात-ओठ आवळून वाजवलं. खडखडाट झाला. दारावरून जाणाऱ्या आयाबाईनं आत डोकावून बघितलं.

"बुवा, आता?"

बुवांचा चेहरा त्यांच्या ताब्यात नव्हता. कपाळ सैल झालं होतं, डोळे अर्धे मिटले होते, आणि चादरीवरची बोटं आपसूक हलायला लागली होती. अब्बा वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांची बोटं थांबली.

अब्बांना समजायला वेळ लागला. अकरा वर्षं एक गोष्ट खरी मानलेल्या माणसाला ती खोटी मानायला तेवढा लागणारच.

"कवापासनं, बुवा?" त्यांनी विचारलं.

"मिस्त्री..."

"कवापासनं?"

"सांगलीच्या आधी वर्षभर. पुण्याला डॉक्टरांना दाखवलं होतं. वरचे आवाज गेलेत म्हणाले."

"म्हंजी त्या दिवशी तुमाला म्हाईत होतं."

बुवांनी डोळे मिटले. "होतं. स्टेजवर मला नुसतं टण टण ऐकू येत होतं. मागे शिष्य, समोर हजार माणसं. कुणाचातरी कान गेलाय हे उघड होतं. माझा गेलाय म्हटलं असतं, तर माझं गाणं त्या दिवशी संपलं असतं."

"म्हून माझा गेला म्हनलात."

"हो."

"अण्णा!" वैजयंतीताई ओरडली. तिला रडू आवरेना. माझ्या अंगात आनंदाची नुसती उकळी फुटत होती. मला वाटत होतं, आता अब्बांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, सगळा वॉर्ड गोळा व्हावा. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी चारही धागे एकेक करून जागेवर आणले. प्रत्येक तार एकदा छेडली, कान भोपळ्याशी नेला, मान हलवली. अकरा वर्षांत मी त्यांना असं ऐकताना पाहिलं नव्हतं. मग गवसणी घातली आणि उठले.

"मिस्त्री, मला माफ करा," बुवा म्हणाले. त्यांनी हात जोडले होते.

"माझी कशाला माफी मागताय? अकरा वरसं मी माझ्याच कानाला शिव्या घातल्या. त्यो तुमाला माफ करील का, ते मला न्हाई सांगता येत."

दारापाशी ते थांबले आणि मला म्हणाले, "तू ह्यांना काय ऐकवतेस? फाटकं?"

"हो. भरून ठेवलंय मोबाइलमध्ये. त्यानं त्यांचं दुखणं कमी होतं."

"माझ्याच वाद्याचं?"

"हो."

"पुसून टाक. माज्या हातच्या वाद्यातनं असला आवाज निघाला, ह्ये कुनाच्या कानावर जाता कामा नये."

"मिस्त्री!" बुवांचा आवाज फुटला. पलंगावरून पुढं झुकताना पायातून कळ गेली असावी, ते कळवळले. "एवढं नका करू हो. मला आता तेवढंच ऐकू येतं. खरं सांगतो, दुसरं काही नाही उरलेलं. तेवढंच राहू द्या."

अब्बांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, एक क्षण ते विरघळले असते. प्रश्न माणसाचा असता तर. हा कामाचा होता.

"मी फाटकी जवारी कवाच कुनाला दिली न्हाई, बुवा," ते म्हणाले. "तुमालाबी दिली नव्हती."

आणि ते तानपुरा खांद्याला लावून निघून गेले. त्यांची पाठ मला कितीतरी वर्षांनी ताठ दिसली.

मी मोबाइल काढला. वैजयंतीताई म्हणाली, "सिस्टर, नका ना. तुम्ही त्यांना कुठं ओळखता, ते किती..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. मी ती फाइल बुवांना दिसेल असा मोबाइल धरला आणि पुसून टाकली. घाई केली नाही. ते माझ्या बोटाकडे बघत होते.

दुपारी फिजिओथेरपीवाले वॉकर घेऊन आले. बुवांना उभं केलं तेव्हा ते असे ओरडले की शेजारच्या खोलीतली बाळंतीण घाबरली. गोळी वेळेवर दिलेली होती, इंजेक्शनही दिलेलं होतं. तरी ते ओरडत होते. किती दुखतंय विचारलं तर "नऊ" म्हणाले. शेंडे मॅडमनी विचारलं, "ह्यांचा तानपुरा कुठाय?" मी म्हटलं, "पुसला गेला, मॅडम." "मग दुसरा भरून आण ना." "त्यांना दुसरा चालत नाही." त्या चुकचुकल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी बुवांच्या शेजारी उभी होते. ते ओरडणं मला गोड लागलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नर्सनं सांगण्यासारखी गोष्ट नव्हे ही.

त्यानंतर अब्बांनी सात वर्षं जवारी लावली. ऑर्डरी पहिल्यासारख्या आल्या नाहीत, पण येत राहिल्या. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. बुवा त्यांच्या आधीच गेले. सूड घेतला की मन हलकं होतं म्हणतात, तसं माझं झालं. पश्चात्ताप होईल म्हणून मी बरीच वाट बघितली, तो आला नाही.

फाइल पुसली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी ड्युटीला निघाले तेव्हा अब्बा पडवीत बसले होते. खेळण्यांचे रंग, ब्रश एका खोक्यात भरून बाजूला सारलेले. मांडीवर एक कोरी घोडी आणि हातात कानस. ते घासत होते आणि ऐकत होते. मला बघून त्यांनी वर पाहिलं.

"बुवा कसे आहेत?"

"दुखतंय त्यांना. झोप नाही लागली."

त्यांची कानस थांबली. "त्यांना काहीतरी दुसरं ऐकव. एखादं भजन. पाण्याचा आवाज. काहीही."

"ऐकवते, अब्बा."

त्यांनी तार ओढून घोडीवर बसवली, छेडली आणि माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. मग स्वतःच मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले.

मी हॉस्पिटलात गेले. बुवांचं ब्लडप्रेशर घेतलं, ड्रेसिंग बदललं, गोळ्या दिल्या. हेडफोन ट्रॉलीवरच होते. ते तीनदा माझ्याकडे आणि तीनदा हेडफोनांकडे बघून झाले. मी काहीच लावलं नाही.